कॅथीड्रलच्या क्वायरमध्ये गायचंय? आधी वाचायला शिका

इंग्लंडला शिकायला येणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींचा एक प्रश्न मला दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात हमखास येतो. 'ताई, मी लहानपणापासून गाते, पियानोच्या पाच-सहा ग्रेड झाल्यात, तिथल्या कॅथीड्रलच्या, म्हणजे बिशपच्या मोठ्या चर्चच्या, क्वायरमध्ये (गायकवृंदात) गायला मिळेल का?' मिळेल. मी पुण्याची, घरी हार्मोनियम, शनिवार-रविवारी शास्त्रीयची शिकवणी, शिवाय ख्रिस्ती नाही. आणि आज एका कॅथीड्रलच्या मागच्या रांगेत ऑल्टो, म्हणजे वरून दुसरा आवाज, गाते. मात्र गळा किती गोड आहे हे तिथे फारसं कोणी विचारत नाही. समोर ठेवलेला कागद बघताक्षणी गाता येतो का, हे आधी बघतात.

का, ते कामाच्या धबडग्यावरून कळेल. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, कॅथीड्रलमध्ये आठवड्याचे बहुतेक दिवस संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास इव्हनसाँग असतं. पाऊण तासाची उपासना, आणि तिचा बराचसा भाग गायचा: सुरुवातीची सवाल-जवाबासारखी प्रार्थनावचनं, त्या दिवसाचं बायबलातलं स्तोत्र, मग मरियेचं आणि शिमोनाचं गीत (मॅग्निफिकॅट आणि नंक डिमिटिस, आम्ही सगळे नुसतं 'मॅग अँड नंक' म्हणतो) आणि पुढे अँथम, म्हणजे क्वायरने गायचं स्वतंत्र भक्तिगीत. हा साचा १५४९ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस क्रॅन्मरने घातला आणि १६६२च्या प्रार्थनापुस्तकातले शब्द आजही चालतात. शब्द तेच, संगीत मात्र रोज वेगळं. आज गिबन्स, उद्या स्टॅनफर्ड, परवा हॉवेल्स, असे वेगवेगळे संगीतकार. तालीम उपासनेच्या आधी तासाभराहून कमी, त्यातला बराच वेळ स्तोत्र खातं. जुन्या लोकांना तोंडपाठ असलेल्या रचनेची तालमीत नुसती सुरुवात आणि अवघड वळणं बघतात आणि पान उलटतात. नव्या माणसाने ती आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण गायची, ती थेट उपासनेतच.

माणसं कोण असतात? पुढे ट्रेबल, म्हणजे साधारण आठ ते तेरा वर्षांची मुलं. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात अशी १६ मुलं आहेत, सहाव्या हेन्रीने कॉलेज स्थापलं तेव्हापासूनचा आकडा. त्यांच्या मागे ऑल्टो, टेनर, बेस: पगारी 'ले क्लार्क', आणि शिकता शिकता गाणारे कोरल स्कॉलर. ले क्लार्कांचा पगार एकट्याने घर चालेल असा क्वचितच असतो. दिवसा कोणी शाळेत शिकवतो, कोणी सॉफ्टवेअर लिहितो. नळ्यांचा मोठा पाइप ऑर्गन वाजवणारा वेगळा, त्याच्या हाताखाली एखादा ऑर्गन स्कॉलर. मुली आणि बायका इथे उशिरा आल्या. सॅलिस्बरीने १९९१ मध्ये मुलींचा वेगळा वृंद सुरू केला, आणि लंडनच्या सेंट पॉल्समध्ये प्रौढ गायकांत पहिली स्त्री कायम झाली ती २०१७ मध्ये. माझ्या आधीच्या पिढीत ऑल्टोच्या जागेवर फक्त काउंटरटेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारे पुरुष, असत. आजही काही ठिकाणी तसंच आहे, तेव्हा अर्ज करण्याआधी विचारून घ्या.

क्वायर समोरासमोर दोन भागांत उभा राहतो, डेकानी आणि कँटोरिस. तुमची बाजू ठरली की ती मनात पक्की करा, कारण कागदावर नुसतं 'डेक' किंवा 'कॅन' लिहिलेलं असतं आणि चुकीच्या ठिकाणी तोंड उघडलं तर तुम्ही एकटेच ऐकू येता.

आता स्तोत्रं. नवे लोक गडबडतात ते इथे, आणि याबद्दल कोणी नीट सांगत नाही. १५० स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांवर सकाळ-संध्याकाळ वाटलेली आहेत. १५ तारखेच्या संध्याकाळी ७८वं स्तोत्र येतं, सत्तरहून जास्त वचनांचं. त्या दिवशी पाणी पिऊन या. चाल छोटी असते. साध्या चँटमध्ये (स्तोत्राच्या चालीला चँट म्हणतात) दहाच सूर, चार वचनाच्या पहिल्या अर्ध्याला, सहा दुसऱ्याला. पण वचनं कमी-जास्त लांबीची. म्हणून पहिल्या सुरावर हवे तितके शब्द बोलल्यासारखे म्हणायचे आणि शेवटच्या शब्दांना चाल फिरवायची. ओवीत अक्षरं कमी-जास्त झाली तरी चाल मोडत नाही ना, तसंच. कुठल्या अक्षरावर सूर बदलायचा याच्या खुणा पुस्तकात असतात, आणि प्रत्येक कॅथीड्रलचं पुस्तक वेगळं असू शकतं. मात्रा मोजू नका. इंग्रजी वाक्य स्वच्छ उच्चारून मोठ्याने वाचा, मग त्यावर चाल ठेवा. मधल्या विरामाला सगळे किती थांबतात हे शेजाऱ्याच्या श्वासावरून कळतं, दुसरा मार्ग नाही. माझ्या मते चांगला क्वायर ओळखायचा तो अँथमवरून नाही, स्तोत्रावरून.

आपल्या तालमीचा उपयोग होतो का? होतो, पण अर्धाच. तानपुऱ्यावर कान तयार झालेला असेल तर ऑर्गनशिवाय गाताना तुमचा गंधार शुद्ध लागतो, आणि सगळा क्वायर हळूहळू उतरू लागला की ते तुम्हाला इतरांच्या आधी कळतं. मींड मात्र घरी ठेवायची. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं आपल्याकडे शोभा, इथे दोष. आवाजातला कंपही कमी करावा लागतो, नाहीतर बारा जणांत तुमचाच आवाज वेगळा काढता येतो आणि संचालक पेन्सिलने तुमच्याकडे बोट दाखवतो. एकट्याने रंगवायची सवय असलेल्यांना हे फार जड जातं. मला गेलं. षड्ज आपल्या गळ्याच्या सोयीने धरायचा हा हक्कही इथे नाही.

ऑर्गनचा एक धडा फुकटात देते. ऑर्गन कधी कधी इतका लांब आणि उंचावर असतो की त्याचा आवाज तुमच्यापर्यंत क्षणभर उशिरा पोचतो. वादक कॅमेऱ्याच्या पडद्यावर संचालकाचा हात बघून वाजवतो. तुम्हीही हातच बघा. कानाच्या भरवशावर राहिलात तर मागे पडाल.

शिरकाव कसा करायचा? पदवीसाठी येणाऱ्यांनी ऑक्सफर्ड, केंब्रिज, डरहॅम, रॉयल हॉलोवे इथल्या कोरल स्कॉलरशिप बघाव्यात. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये त्यांची चाचणी वेगळी असते. आवाजामुळे प्रवेश मिळत नाही. पैसे बेताचे, फीच्या मानाने किरकोळ. म्हणून क्वायरसाठी नावडता अभ्यासक्रम घेऊ नका, हे मी ठासून सांगते. मास्टर्सवाल्यांना कॉलेज चॅपल किंवा कॅथीड्रलचा हौशी वृंद बरा. चाचणीत एक तयार गाणं, अनोळखी कागद, तीन सुरांच्या मेळातला मधला सूर ओळखून गाणं, आणि आवाजाची पट्टी, एवढं बघतात. तयारीसाठी रोज एक अनोळखी हिम (hymn, चर्चमधलं चार आवाजांत लिहिलेलं भक्तिगीत) घ्या आणि चारही आवाजांच्या ओळी आळीपाळीने न थांबता गा. चुकलात तरी थांबायचं नाही, चाचणीत तेच बघतात. मुंबई-पुण्यात ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या संगीत परीक्षा देत असाल तर ऑरल टेस्टचा, म्हणजे कानाच्या परीक्षेचा, भाग उरकून टाकू नका.

पैशाचा विषय निघालाच आहे तर नीट ऐका. अनुभव आला की आजारी गायकाच्या जागी बदली म्हणून बोलावणी येतात, त्याला 'डेप' करणं म्हणतात, आणि दर उपासनेमागे मानधन मिळतं. स्टुडंट व्हिसावर सत्राच्या काळात आठवड्याला २० तासांची मर्यादा आहेच, शिवाय स्वयंरोजगार आणि व्यावसायिक कलाकार म्हणून काम करायला बंदी आहे. डेपचे पैसे या खान्यात पडू शकतात. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय एक पौंडही घेऊ नका. फुकट गाण्याबद्दलही तिथेच विचारा. मुलांच्या सोबत गायचं म्हणून पार्श्वभूमीची तपासणीही होते. भारतातलं पोलीस प्रमाणपत्र मागू शकतात, ते निघताना काढून आणलेलं बरं.

धर्माचं काय, हे आईवडील विचारतात. माझ्या रांगेत श्रद्धाळू आहेत, नास्तिक आहेत, एक ज्यू आहे. श्रद्धा-वचनाला सगळे पूर्वेकडे वळतात तेव्हा मीही वळते, कम्युनियन (प्रसादाची भाकर-द्राक्षारस) घेत नाही, आणि यावरून मला कोणी कधी टोकलेलं नाही. तसंही हे संगीत आपल्याला अगदी परकं नाही. मुंबईच्या फोर्टमधलं सेंट थॉमस १७१८ मध्ये उघडलं, आणि चर्चगेटचं नाव त्याच्यावरूनच पडलं.

किरकोळ पण महत्त्वाचं: झगा आणि वरचा पांढरा सरप्लिस तिथे मिळतो, काळे बूट तुमचे. दगडी इमारत जानेवारीत बर्फ असते, आत थर्मल घाला. पेन्सिल सतत जवळ. डिसेंबरात भारताचं तिकीट काढू नका. नाताळ हा हंगाम आहे, ईस्टरचा आठवडाही.

आणि जमेल तेव्हा दुसऱ्या बाजूनेही बघा. इव्हनसाँगला तिकीट नसतं. लवकर जाऊन दाराशी उभ्या असलेल्या व्हर्जरला, म्हणजे तिथल्या व्यवस्था बघणाऱ्या सेवकाला, 'क्वायरजवळ बसू का' विचारा, बहुतेक ठिकाणी बसवतात. ऑगस्टमध्ये नेहमीचे क्वायर सुट्टीवर जातात आणि त्यांच्या जागी गावोगावचे पाहुणे वृंद आठवडाभर गातात. त्यांना ऑल्टो आणि टेनर नेहमीच कमी पडतात.