काश्मीरला चाललाय? पैशांच्या या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक आम्हीच केलेली म्हणून आधी तीच सांगते. आमच्याकडे सगळे प्रीपेडवाले, आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमधे चालत नाही, पोस्टपेडच चालतं, हे कळलं कधी तर श्रीनगरला टॅक्सीवाल्यासमोर जीपे उघडून उभं राहिल्यावर! हॉटेलच्या वायफायवर नेट मिळतं हो, पण बँकेचा ओटीपी एसएमएसवर येतो आणि तो काही येईना. त्यात भावोजींनी डोकं लावून अ‍ॅप डिलीट करून परत टाकलं. झालं, नव्याने सुरू करताना बँकेत दिलेल्या नंबरवरूनच एसएमएस जावा लागतो, तो जाणार कुठून, म्हणजे होतं नव्हतं ते पण बंद. तेव्हा ज्याच्या खात्यात ट्रिपचे पैसे आहेत त्याचं सिम निघायच्या आठवडाभर आधी पोस्टपेड करून घ्या. तिकडे टूरिस्टना लोकल सिम मिळतं, कॉलला नि नेटला ठीक आहे, ओटीपी मात्र जुन्याच नंबरवर जाणार.

मग घाबरून लोक दुसरं टोक गाठतात, सगळी कॅश एका पर्समधे. आमच्या सासूबाईंनी परकराला आतून खिसा शिवलेला, आम्ही हसलो, शेवटी पहलगामला त्यातूनच घोडेवाल्याचे पैसे दिले. कॅश तिघांत वाटा, ५०-१०० च्या नोटा भरपूर ठेवा, आणि घोड्याचा रेट बसायच्या आधी ठरवा, माणशी किती आणि कुठले कुठले पॉइंट ते पण, नाहीतर खाली उतरल्यावर हिशोब बदलतो.

गुलमर्गच्या गोंडोलाचं तिकीट सरकारी केबल कार कॉर्पोरेशनच्या साइटवरच काढा. 'मॅडम फेज टू (म्हणजे गोंडोलाचा वरचा टप्पा) करून देतो' म्हणणारे खूप भेटतील, अ‍ॅडव्हान्स देऊ नका.

पेमेंट अडकलं तर? खात्यातून गेले, दुकानदाराला आले नाहीत, की लगेच दुसऱ्यांदा मारू नका. आधी हिस्टरीत स्टेटस बघा, स्क्रीनशॉट काढा. फेल झालेलं दुकानाचं यूपीआय पेमेंट ५ दिवसांत परत यायला हवं, एटीएममधून नोटा न येता पैसे कापले तरी तेच, त्याहून उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये द्यायचे असा आरबीआयचा नियम आहे, मागितल्याशिवाय सुद्धा. आणि 'रिफंड देतो, पिन टाका' कोणी म्हटलं तर फोन ठेवून द्या, पैसे घ्यायला पिन लागतच नाही.

कार्डचं टॅप करून पेमेंट ५००० पर्यंत पिनशिवाय होतं, कार्ड हरवलं तर ज्याच्या हाती पडेल त्याची चैन. निघायच्या आधी बँकेच्या अ‍ॅपमधून हे टॅपचं पेमेंट बंद करा, तिथे गेल्यावर अ‍ॅप उघडेल का हाच प्रश्न असतो.

तुम्ही ओटीपी-पिन कुणाला दिला नाही आणि तरी पैसे गेले तर ३ वर्किंग डेजच्या आत बँकेला कळवा, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० ला पण फोन लावा, जितकं लवकर तितकं बरं. हा नंबर आणि बँकेचा कार्ड ब्लॉक करायचा नंबर कागदावर लिहून घ्या. फक्त तो कागद पाकिटात ठेवू नका, भावोजींनी तिथेच ठेवलेला आणि पाकीट शिकारा बोटीत राहिलं.