केस स्टडी सोडवायची कशी: आधी निर्णय शोधा, स्वॉट मागाहून

केस, म्हणजे एखाद्या कंपनीपुढच्या पेचाची लेखी हकिगत, हातात पडली की पाचव्या मिनिटाला कागदावर चार चौकोन आखून त्यात बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके भरायला बसणारे एमबीएच्या प्रत्येक वर्गात असतात. तासाभराने चौकोन गच्च भरतात आणि 'बरं, मग करायचं काय?' असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. या चार चौकोनांनाच स्वॉट म्हणतात; त्यामुळे माहितीची वर्गवारी होते, विश्लेषण होत नाही. ते करायचंच असेल तर परिशिष्टात टाका.

केस लिहिलेली असते ती वाचणाऱ्याला कोणाच्या तरी खुर्चीत बसवून निर्णय घ्यायला लावण्यासाठी. हार्वर्ड बिझनेस स्कूलने ही पद्धत नावारूपाला आणली, 1961 मध्ये सुरू झालेल्या अहमदाबादच्या आयआयएमने ती आपल्याकडे रुजवली. दोन्हीकडे अपेक्षा एकच: कंपनीची माहिती सांगू नका, तुम्ही काय केलं असतं ते सांगा.

वाचन

दोनदा वाचा. पहिल्या फेरीत फक्त पहिलं पान, शेवटचं पान आणि परिशिष्टांची शीर्षकं. दहा मिनिटं पुरतात. निर्णय कोणाला आणि कधीपर्यंत घ्यायचा आहे हे बहुतेक केसमध्ये सुरुवातीला किंवा अगदी शेवटी लिहिलेलं असतं. दुसऱ्या फेरीत सगळं वाचा, हातात पेन्सिल घेऊन. हायलायटर नको, त्याने पान पिवळं होतं आणि डोकं कोरंच राहतं.

प्रश्न मांडणं

बहुतेकांची गाडी इथेच अडते. पुढचं सगळं याच एका वाक्यावर उभं असतं, म्हणून एकूण वेळेतला निदान एक तृतीयांश वेळ इथे घालवा.

टाटा नॅनोचं उदाहरण घेऊ. जानेवारी 2008 मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत गाडी दाखवली गेली, 'एक लाखाची गाडी' म्हणून गाजली. पश्चिम बंगालमधल्या सिंगूरचा प्रकल्प सोडून कारखाना गुजरातेत साणंदला न्यावा लागला. त्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची. 2009 मध्ये दोन लाखांहून अधिक लोकांनी बुकिंग केलं. दरम्यान काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या. आणि नोव्हेंबर 2010 मध्ये विक्रीचा आकडा आला 509.

आता प्रश्न काय? 'नॅनो का फसली?' असं लिहिलंत तर तो निबंधाचा विषय झाला, त्यात कोणी काही ठरवायचंच नाही. 'विक्री घटली आहे, ती कशी वाढवावी?' हे त्याहून फसवं, कारण ऐकायला बरोबर वाटतं. विक्री घटणं हे लक्षण आहे. ताप आलाय म्हणून नुसतं पॅरासिटामॉल लिहून देणारा डॉक्टर आणि 'जाहिरात वाढवा' म्हणणारा विद्यार्थी एकाच माळेचे मणी.

लक्षणापासून कारणाकडे जायचं तर गिऱ्हाइकाची वाट पायरीपायरीने तपासा. गाडी माहीत आहे का? घ्यावीशी वाटते का? परवडते का, म्हणजे कर्ज मिळतं का? जवळपास मिळते का? सुरक्षित वाटते का? नॅनोचं नाव घरोघरी पोचलं होतं, त्यामुळे पहिली पायरी तिथल्या तिथे बाद आणि 'जाहिरात वाढवा'ही बाद. शंका उरते ती कर्ज, सुरक्षितता आणि उपलब्धता यांवर. 'गरिबाची गाडी' हा शिक्का दुसऱ्या पायरीवर अडथळा ठरला असणार, पण तो काही महिन्यांत पुसला जात नाही, म्हणून तो वेगळ्या मुदतीचा प्रश्न.

एवढं झाल्यावर वाक्य असं होईल: 'डिसेंबर 2010 मध्ये, दुचाकीवरून पहिल्यांदाच चारचाकीकडे येणाऱ्या कुटुंबासाठी कंपनीने आधी कशावर पैसा लावावा: सुरक्षिततेची खात्री, सोपं कर्ज की विक्रीची केंद्रं?'

या वाक्यात कोण, कधी आणि कशातून निवड हे तिन्ही आहे. तपासायचं कसं? दोन शहाण्या माणसांची त्यावर उत्तरं वेगळी येऊ शकतात का, ते बघा. येत नसतील तर तो प्रश्नच नव्हे.

आणखी एक सापळा म्हणजे पश्चातबुद्धी. नॅनोचं उत्पादन पुढे थांबलं हे आज सगळ्यांना ठाऊक आहे, पण 2010 च्या केसमध्ये ते वापरणं म्हणजे पेपर फोडणं. केसच्या तारखेनंतरचं काहीही उत्तरात आणू नका. कंपनीने पुढे काय केलं हे गूगलवर शोधून तेच 'शिफारस' म्हणून लिहिणारे तर लगेच ओळखू येतात: उत्तर नेमकं असतं, कारणं मात्र पोकळ.

आकडे

आकडा दिसला की आधी तो कशाचा आहे ते विचारा. वरचा 509 हा कारखान्यातून डीलरकडे गेलेल्या गाड्यांचा आहे. आपल्याकडे कंपन्या तेव्हा तेच आकडे जाहीर करत. डीलरकडे जुना साठा पडून असेल तर गिऱ्हाइकांनी नेलेल्या गाड्या याहून जास्त असू शकतात. एका महिन्याच्या आकड्यावरून कंपनीचं श्राद्ध घालू नये.

मग शिफारशीचा हिशेब. समजा, फक्त सरावासाठी, एका गाडीमागे बदलता खर्च (म्हणजे गाड्यांच्या संख्येप्रमाणे वाढणारा, सुट्या भागांसारखा खर्च) वजा जाता 12,000 रुपये उरतात आणि महिन्याला 6,000 गाड्या जातात. म्हणजे 7 कोटी 20 लाख. सुरक्षिततेची खात्री म्हणून वॉरंटी वाढवल्याने गाडीमागे 3,000 रुपये खर्च वाढला, तर उरतात 9,000. तेवढीच रक्कम राखायला विक्री किती वाढायला हवी? निम्मा वर्ग '25 टक्के' म्हणतो, कारण 3,000 हे 12,000 चे 25 टक्के. चूक. 7 कोटी 20 लाखांना 9,000 ने भागा: 8,000 गाड्या, म्हणजे 33 टक्के वाढ. आता खरा वाद सुरू होतो: वॉरंटीमुळे दर महिन्याला 2,000 जास्तीची कुटुंबं शोरूममध्ये येतील का? हा एक हिशेब दहा पानांच्या वर्णनाला भारी आहे.

केसमध्ये आकडा नसेल तर गृहीत धरा आणि तसं स्पष्ट लिहा. तो निम्मा केला तर शिफारस बदलते का, हेही एका ओळीत सांगा.

पर्याय

तीन पुरेत. त्यातला एक 'आहे तसंच चालू ठेवा' असू द्या. पण दोन मुद्दाम लंगडे आणि एक लाडका, असं करू नका.

उत्तर

पहिल्याच वाक्यात शिफारस. कंपनीची स्थापना कधी झाली हे परीक्षकाला माहीत आहे. त्यानंतर दोन-तीन कारणं, आकड्यासकट. मग नाकारलेला सगळ्यात तगडा पर्याय आणि तो का नाकारला ते. शेवटी पहिल्या महिन्यात कोणी काय करायचं, आणि कोणता आकडा दिसला तर निर्णय फिरवायचा. 'सर्व पर्यायांचा समन्वय साधावा' हे वाक्य दिसलं की समजावं, लिहिणाऱ्याने निर्णय टाळलाय.

गटात काम असेल तर 'तू मार्केटिंग बघ, मी फायनान्स बघतो' अशी वाटणी वाचनाच्या टप्प्यावर नको. प्रश्नाचं वाक्य प्रत्येकाने आपापलं लिहून आणायचं आणि मग भांडायचं. वाटणी करायची ती हिशेब आणि स्लाइड यांची.