एचओएच्या वस्तीत घर घेताना आणि राहताना: सुविधा, नियम आणि आपले हक्क

अमेरिकेत टेक्सास, कॅलिफोर्निया किंवा फ्लोरिडासारख्या राज्यात नवे घर शोधायला बाहेर पडले, की विक्री प्रतिनिधी सर्वांत आधी पोहण्याचा तलाव, क्लबहाऊस, व्यायामशाळा आणि टेनिस कोर्ट दाखवतो. या सुविधा ज्या संस्थेच्या ताब्यात असतात तिला होमओनर्स असोसिएशन, म्हणजेच बोलीभाषेत एचओए म्हणतात. अशा वस्तीतले घर आपल्या नावावर झाले की सदस्यत्व आपोआप लागू होते आणि घर विकेपर्यंत ते सोडता येत नाही. मुंबई-पुण्याच्या सहकारी सोसायटीत वाढलेल्या माणसाला हे ओळखीचे वाटेल, परंतु दोन फरक सुरुवातीलाच ध्यानात घ्यावेत. स्वतंत्र घर असेल तर येथे जमीन आणि घर दोन्ही आपल्याच मालकीचे असतात, तरीही बाहेरच्या भिंतीचा रंग बदलण्यासाठी संस्थेची परवानगी लागते. दुसरे असे, की महाराष्ट्रात बहुतेक सोसायट्यांचा कारभार आदर्श उपविधींच्या साच्यावर चालतो, तर येथे प्रत्येक वस्तीचे कागद वेगळे असतात आणि प्रत्येक राज्याचा कायदाही वेगळा असतो. त्यामुळे मित्राच्या वस्तीत जे चालते ते आपल्याकडेही चालेल असे गृहीत धरू नये.

सही करण्यापूर्वी वाचायचे कागद

सर्वांत महत्त्वाचा दस्त म्हणजे डिक्लेरेशन, ज्याला सर्वजण ‘सीसी अँड आर’ (करार, अटी आणि निर्बंध) म्हणतात. तो काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाच्या) कार्यालयात नोंदलेला असतो आणि घर कितीही वेळा विकले गेले तरी जमिनीबरोबर पुढच्या मालकाकडे जातो. त्याखालोखाल संस्थेचे स्थापनापत्र, उपविधी आणि शेवटी बोर्डाने, म्हणजे सभासदांनी निवडलेल्या संचालक मंडळाने, वेळोवेळी केलेले दैनंदिन नियम येतात. हा क्रम व्यवहारात फार उपयोगी पडतो, कारण खालच्या कागदातला नियम वरच्या कागदाशी विसंगत असेल तर वरचा कागद मान्य होतो आणि राज्याचा किंवा संघराज्याचा कायदा या सर्वांच्या वर असतो. तलावाच्या फाटकावरची पाटी हा सर्वांत खालच्या पायरीवरचा नियम असतो आणि बोर्डाला तो सहसा सभासदांच्या मतदानाशिवाय बदलता येतो. डिक्लेरेशन बदलायला मात्र सभासदांचे मोठे बहुमत लागते.

जुन्या वस्तीचे दस्त वाचताना क्वचित असे कलमही आढळते, की येथे केवळ गोऱ्या वंशाच्या माणसांनीच राहावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशी कलमे सर्रास घातली जात असत. सर्वोच्च न्यायालयाने शेली विरुद्ध क्रेमर या 1948 च्या निकालात न्यायालयांमार्फत त्यांची अंमलबजावणी करता येणार नाही असे ठरवले आणि 1968 च्या फेअर हाउसिंग ॲक्टने असा भेदभावच बेकायदा केला. कागदावर ते कलम उरलेले दिसले तरी त्याला आज कोणताही अर्थ नाही.

या दस्तांबरोबर मागील दोन वर्षांच्या बोर्ड सभांची इतिवृत्ते, चालू अंदाजपत्रक आणि राखीव निधीचा अभ्यास (मोठ्या दुरुस्त्यांसाठी किती रक्कम साठवायला हवी याचा अहवाल) हेही मागून घ्यावेत. विक्रेत्याकडून किंवा संस्थेकडून हे कागद मिळण्याची सोय बहुतेक राज्यांच्या कायद्यात आहे. टेक्सासमध्ये त्याला रिसेल सर्टिफिकेट म्हणतात, तर फ्लोरिडामध्ये थकबाकीचा आकडा सांगणारे एस्टॉपेल सर्टिफिकेट मिळते. माझ्या मते या साऱ्यांत इतिवृत्ते सर्वांत बोलकी असतात. छप्पर गळते आहे, तलावाचा पंप तिसऱ्यांदा बिघडला आहे, बिल्डरबरोबर दावा चालू आहे, असल्या गोष्टी माहितीपत्रकात कधीच नसतात. इतिवृत्तात त्या हमखास सापडतात.

वर्गणी, राखीव निधी आणि विशेष आकारणी

मासिक वर्गणी कमी दिसली म्हणून वस्ती स्वस्त आहे असे समजणे धोक्याचे आहे. तलाव, रस्ते, कुंपण, क्लबहाऊसचे छप्पर या सर्वांना ठरावीक आयुष्य असते आणि त्यांच्या बदलीसाठी दरमहा थोडी रक्कम राखीव निधीत जायला हवी. ती साठवली नाही तर एके दिवशी प्रत्येक घरावर हजारो डॉलरची विशेष आकारणी येते. फ्लोरिडातील सर्फसाइड येथे 24 जून 2021 रोजी चॅम्पलेन टॉवर्स साउथ ही 12 मजली इमारत अंशतः कोसळून 98 माणसे दगावली. तलावाच्या डेकच्या जलरोधक थरातला दोष आणि काँक्रीटची झीज अभियंत्याने 2018 मध्येच लिहून दिली होती. मात्र दुरुस्तीसाठी सुमारे दीड कोटी डॉलरची विशेष आकारणी मंजूर व्हायला 2021 चा एप्रिल उजाडला. ती स्वतंत्र घरांची वस्ती नसून सदनिकांची इमारत होती, पण वर्गणी वाढवायला सभासदांचा विरोध आणि त्यामुळे लांबत जाणारी दुरुस्ती हे चित्र कोणत्याही संस्थेत दिसू शकते.

कॅलिफोर्नियात राखीव निधीसाठी किमान दर तीन वर्षांनी प्रत्यक्ष पाहणी करून अभ्यास करावा लागतो. तेथे बोर्डाला सभासदांच्या मताशिवाय नियमित वर्गणी एका वर्षात 20 टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही, तसेच आणीबाणीची परिस्थिती वगळता अंदाजपत्रकातील एकूण खर्चाच्या 5 टक्क्यांपेक्षा मोठी विशेष आकारणीही लावता येत नाही. घर पाहताना आपल्या राज्यात अशी मर्यादा आहे का, हे वकिलाला अवश्य विचारावे.

काही वस्त्यांत मुख्य संस्था आणि तिच्या पोटातील उपसंस्था अशा दोघींना वर्गणी द्यावी लागते. कॅलिफोर्नियातला मेलो-रूस, फ्लोरिडातला सीडीडी आणि टेक्सासमधला एमयूडी हे रस्ते-पाण्यासारख्या सोयींसाठीचे स्थानिक आकार एचओएच्या वर्गणीत धरलेले नसतात, ते मालमत्ता कराच्या बिलातून येतात; बँकेचा हप्ता मोजताना ते वेगळे धरावेत. टाउनहाऊस किंवा सदनिका असेल तर संस्थेच्या विम्यात भिंतीच्या आतले काय येते आणि काय नाही, हे तपासून उरलेल्या भागासाठी स्वतःचा विमा घ्यावा व त्यात विशेष आकारणीची भरपाई देणारे कलम आहे का ते पाहावे.

वर्गणी थकली तर संस्था घरावर बोजा चढवू शकते आणि शेवटी घर लिलावात काढण्यापर्यंतही जाऊ शकते. कॅलिफोर्नियात वर्गणीची थकबाकी 1,800 डॉलरच्या वर जाईपर्यंत किंवा 12 महिने उलटेपर्यंत तसे करता येत नाही, आणि टेक्सासमध्ये केवळ दंडाच्या रकमेसाठी घर जप्त करता येत नाही. म्हणून संस्थेशी कितीही वाद असला तरी वर्गणी वेळेवर भरत राहावी आणि वाद स्वतंत्रपणे लेखी चालवावा.

घराच्या बाहेर काही करायचे असेल तर

कुंपण, पॅटिओ, पर्गोला, झाड तोडणे, दाराचा रंग, सोलर पॅनेल, या प्रत्येक कामासाठी आर्किटेक्चरल कमिटीकडे, म्हणजे बाहेरील बदलांना मंजुरी देणाऱ्या संस्थेच्या समितीकडे, अर्ज द्यावा लागतो. अर्जाबरोबर प्लॉटचा नकाशा, त्यावर नव्या बांधकामाची मापे, सामानाचे व रंगाचे नमुने, कंत्राटदाराचा परवाना व विम्याचा दाखला आणि शक्य असल्यास शेजाऱ्याची सही जोडली, तर अर्ज परत येण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. शहराचे बांधकाम परवानापत्र आणि संस्थेची मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असे होत नाही. मंजुरी हातात येण्यापूर्वी कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देऊ नये, आणि फोनवर मिळालेल्या होकाराला मंजुरी समजू नये.

काही बाबतींत संस्थेचे हात कायद्याने बांधलेले आहेत. संघराज्य स्तरावर 1996 च्या नियमानुसार स्वतःच्या मालकीच्या किंवा केवळ स्वतःच्या वापराच्या जागेत एक मीटरपर्यंत व्यासाची डिश लावण्यास मनाई करता येत नाही. सोलर पॅनेलवर कॅलिफोर्नियात अटी घालता येतात, पण त्या अटींमुळे यंत्रणेचा खर्च 1,000 डॉलरहून अधिक वाढता कामा नये किंवा कार्यक्षमता 10 टक्क्यांहून अधिक घटता कामा नये. मागच्या अंगणात मेथी, मिरच्या आणि दुधी लावण्यावर तेथे सरसकट बंदी घालता येत नाही आणि आपल्या परसात दोरीवर कपडे वाळत घालण्याचा हक्कही कायद्याने राखलेला आहे. फ्लोरिडातही कपड्यांच्या दोरीवर सरसकट बंदी चालत नाही. दर्शनी बाजूला मात्र यातले काही करण्यापूर्वी नियम पाहावेत.

तोरण, दिवे आणि सणवार

मराठी घराला सर्वांत जास्त पडणारा प्रश्न हा आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार प्रवेशद्वारावर किंवा त्याच्या चौकटीवर धार्मिक वस्तू लावण्यास संस्था मनाई करू शकत नाही, मात्र सर्व वस्तूंचे मिळून आकारमान 36 बाय 12 इंचांपेक्षा मोठे नसावे अशी मर्यादा ती घालू शकते. म्हणजे चौकटीला आडवे लावलेले नेहमीचे तोरण त्यात बसते, परंतु तोरण, वर गणपतीची टाइल आणि बाजूला शुभ-लाभ अशी सगळी मांडणी केली तर ती एकत्र मोजली जाते. टेक्सासने 2021 मध्ये हा हक्क दारापुरता न ठेवता संपूर्ण घर व अंगणापर्यंत वाढवला. तेथे पुढच्या अंगणातले तुळशीवृंदावनही श्रद्धेपोटी ठेवले असल्यास त्यात बसावे, फक्त ते रस्त्याच्या हद्दीत किंवा सेटबॅकच्या (हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या) जागेत नसावे. फ्लोरिडात 2024 पासून नियमात दिलेल्या मुदतीनंतरही सणाची रोषणाई राहिली तर संस्थेला आधी लेखी सूचना देऊन एक आठवडा थांबावे लागते, त्यानंतरच दंडाचा विचार करता येतो. नियमावलीत रोषणाईचा काळ बहुधा नाताळ धरून लिहिलेला असतो. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते हे बोर्डाला लिहून कळवावे आणि नियमात कोणत्याही धर्माच्या सणाचा समावेश व्हावा अशी सूचना करावी. सौजन्याने लिहिलेल्या अशा पत्राला बहुतेक बोर्ड अनुकूल उत्तर देतात.

तलाव आणि क्लबहाऊस वापरताना

भारतातून आई-वडील सहा महिन्यांसाठी आले, की दुपारी आजी नातवंडांना घेऊन तलावावर जाते आणि फाटकावर अडते, कारण पाहुण्यांबरोबर प्रौढ रहिवासी असलाच पाहिजे असा नियम पुष्कळ ठिकाणी असतो. ते येण्यापूर्वीच संस्थेचा कारभार पाहणाऱ्या व्यवस्थापन कंपनीला लिहून त्यांची घरातील व्यक्ती म्हणून नोंद होईल का आणि त्यांच्या नावे प्रवेशाचा फॉब (इलेक्ट्रॉनिक चावी) मिळेल का, हे विचारून ठेवावे. पाण्यात पोहण्याचे कपडेच चालतात हेही त्यांना आधी सांगावे, कारण सुती कपड्यांचे धागे गाळणीत अडकतात. दुसऱ्या बाजूने, संस्थेचा नियम मुलांना सरसकट बाहेर ठेवणारा असेल तर तो तपासण्यासारखा आहे. फेअर हाउसिंग ॲक्टमध्ये 1988 च्या दुरुस्तीने मुले असलेल्या कुटुंबांना संरक्षण मिळाले असून, केवळ प्रौढांसाठी राखलेल्या पोहण्याच्या वेळा न्यायालयात अडचणीत आलेल्या आहेत. 55 वर्षांवरील रहिवाशांसाठीच्या वस्त्यांना यातून सूट आहे. तेथे किमान 80 टक्के घरांत एक तरी व्यक्ती त्या वयाची असावी लागते.

बारसे, डोहाळेजेवण किंवा सत्यनारायणासाठी क्लबहाऊस ठरवताना अनामत रक्कम, पाहुण्यांची कमाल संख्या, बाहेरचा स्वयंपाकी चालतो का, ध्वनिवर्धक किती वाजेपर्यंत आणि एका दिवसाचा विमा लागतो का, हे पाच प्रश्न लेखी विचारावेत. निरांजन आणि उदबत्ती हीसुद्धा पुष्कळ करारांत उघडी ज्योत ठरते. होम करायचा असेल तर क्लबहाऊसचा आग्रह धरू नये आणि धूरसूचक यंत्र झाकून ठेवण्याचा उपाय तर कधीच करू नये. स्थानिक अग्निशमन नियम पाहून स्वतःच्या परसात तो करणे बरे. हॉल घेण्यापूर्वी व सोडताना भिंती, गालिचा आणि स्वयंपाकघर यांची छायाचित्रे काढून ठेवली तर अनामत परत मिळवताना वाद उरत नाही.

नोटीस आली तर

गवत वाढले, कचऱ्याचा डबा दिसतो, पाहुण्यांची गाडी रात्रभर रस्त्यावर होती, अशा कारणांची पहिली नोटीस आली म्हणून घाबरू नये, पण ती बाजूलाही टाकू नये. चूक असेल तर ती दुरुस्त करून तारखेसह छायाचित्र ईमेलने पाठवावे. चूक नसेल तर कोणत्या कागदाच्या कोणत्या कलमाचा भंग झाला, हे लेखी विचारावे आणि मुदतीत सुनावणी मागावी. टेक्सासमध्ये नोटीस पाठवल्यापासून 30 दिवसांत सुनावणी मागता येते. फ्लोरिडात दंडापूर्वी किमान 14 दिवसांची सूचना द्यावी लागते आणि बोर्डाशी नातेसंबंध नसलेल्या किमान तीन सभासदांची समिती त्यावर निर्णय देते. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2025 पासून, आरोग्याला किंवा सुरक्षिततेला बाधा येत नसेल तर, एका उल्लंघनाचा दंड 100 डॉलरपेक्षा अधिक असू शकत नाही.

नोकरीमुळे गावे बदलावी लागणाऱ्यांनी भाड्याविषयीचे कलम स्वतंत्रपणे वाचावे, कारण काही वस्त्यांत ठरावीक घरेच भाड्याने देता येतात व प्रतीक्षायादी असते. कॅलिफोर्नियात ही मर्यादा 25 टक्के घरांच्या खाली आणता येत नाही, मात्र 30 दिवस किंवा त्याहून कमी मुदतीच्या भाड्यावर बंदी घालता येते.

बोर्डाच्या सभा सभासदांना खुल्या असतात. कॅलिफोर्नियात विषयपत्रिका चार दिवस आधी, तर फ्लोरिडात सूचना 48 तास आधी लावावी लागते. हिशेब पाहण्याचा लेखी अर्ज केला तर टेक्सास आणि फ्लोरिडा या दोन्ही राज्यांत संस्थेला कामकाजाच्या 10 दिवसांत प्रतिसाद द्यावा लागतो. वार्षिक सभेला स्वतः जाता येत नसेल तर प्रॉक्सी (आपल्या वतीने मत देण्याचे अधिकारपत्र) किंवा मतपत्रिका वेळेत पाठवावी, कारण गणसंख्या न भरल्याने निवडणूक पुढे ढकलली जाते आणि जुनेच बोर्ड कारभार पाहत राहते.