पावसात जुनं शिलाई मशीन उघडून बसलाय? या चुका टाळा

पाऊस लागून राहिला, बाहेर पडता येत नाही, की कोपऱ्यात झाकून ठेवलेलं जुनं शिलाई मशीन हमखास आठवतं. चाक फिरवून बघावं तर जाम, मग लगेच हातात स्क्रू ड्रायव्हर येतो आणि तिथूनच घोळ सुरू होतो. जुनं लोखंडी मशीन सहसा मोडलेलं नसतंच हो, आत तेल वाळून चिक झालेला असतो, दोऱ्याचे तुकडे अडकलेले असतात नाहीतर सुई उलटी बसलेली असते, आणि यातल्या कशासाठीही सेटिंगचा एकही स्क्रू हलवायची गरज नसते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चाकाला जोर लावणे. दोन्ही हातांनी पकडून कचकन फिरवलं की अडकलेला दोरा अजून आवळतो किंवा सुई प्लेटवर आपटून मोडते. आधी सुई काढा, बॉबीन केस (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ म्हणजे बॉबीन, ती ज्यात बसते ती डबी) काढा, पायडलचा पट्टा उतरवा, मग चाकाच्या मधली गोल चकती सैल करा (तीच, जी बॉबीन भरताना सैल करतो). आता नुसतं चाक मोकळं फिरतंय का बघा. फिरत असेल तर अडचण पुढे सुईच्या बाजूला किंवा खाली शटलमध्ये (वरचा दोरा पकडून बॉबीनभोवती फिरवणाऱ्या भागात) आहे, नसेल फिरत तर चाकाच्या मागे दांड्यावर दोरा गुंडाळलेला असण्याची शक्यता भरपूर. आणि पट्टा काढल्यावर पायडल एकटंच जड लागत असेल तर बिचाऱ्या मशीनचा काही दोषच नाही, खालच्या सांध्यांना तेल हवंय.

तेलाबद्दल जरा सविस्तर बोलू कारण निम्मी मशीनं तेलानेच बसतात, म्हणजे चुकीच्या तेलाने. घरात हाताशी खोबरेल असतं, स्वयंपाकाचं तेल असतं, "तेल ते तेल" म्हणून ओतलं जातं. स्वयंपाकाचं तेल हवेने घट्ट होत होत शेवटी पिवळट डिंकासारखं होतं, आणि खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं, म्हणजे पावसाळी गारव्यात ते सांध्यात थिजून बसणार. शिलाई मशीनचं तेल वेगळं मिळतं, पाण्यासारखं पातळ, रंग जवळपास नाहीच, तेच वापरा. तेही प्रत्येक भोकात आणि जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथे एकेक थेंब. धार नको. थेंब टाकला, चाक हळूहळू मागेपुढे हलवलं, थांबलो, परत थेंब, असं करत बसायचं आणि गरज पडली तर रात्रभर तसंच ठेवायचं. पावसाचा दिवस ह्या कामाला बरा तो यासाठीच, घाई नसते.

चिक फारच असेल तर लोक रॉकेल टाकतात. चालतं, चिक सुटतो, पण रॉकेल म्हणजे वंगण नाही, ते उडून गेलं की सांधे कोरडे पडतात, म्हणून पुसून लगेच मशीनचं तेल द्यावंच लागतं. आणि पाऊस म्हणून खिडक्या बंद करून रॉकेल घेऊन बसू नका, वाफ कोंडते. लाईट गेली म्हणून शेजारी मेणबत्ती तर अजिबातच नको. काही जण हेअर ड्रायरने सांधे गरम करतात, उपाय चांगला आहे, चिक पातळ होतो, पण रॉकेल आणि ड्रायर एकाच बैठकीत कधीच नाही.

बाहेरून चमकवायला स्पिरिट किंवा सॅनिटायझर घेऊ नका. जुन्या काळ्या मशीनवर बऱ्याचदा शेलॅकचा थर असतो आणि अल्कोहोलने तो विरघळतो, मग सोनेरी नक्षी बोळ्याबरोबर निघून येते आणि ती काही परत चिकटत नाही. मऊ कापड आणि मशीनचंच तेल पुरतं.

स्क्रूचं थोडक्यात. स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेत पूर्ण बसणारं हवं, अरुंद पातं घेतलं की खाच खाल्ली जाते. काढलेले स्क्रू काढले त्या क्रमाने ठेवा, आधी फोटो काढा. एखादा हरवला तर घरातला दुसरा ठोकून बसवू नका, जुन्या मशीनच्या स्क्रूंचे आटे बऱ्याचदा वेगळे असतात, नेहमीचा स्क्रू दोन आटे जाऊन आतली आटीच मारून टाकतो.

आता शटल. मशीनचं डोकं, म्हणजे टेबलावरचा सगळा लोखंडी भाग, मागे कलतं करा, बॉबीन केसच्या मागे गोल कडं दिसेल, बऱ्याच मशीनला त्याच्या दोन बाजूंना छोटे खटके असतात, ते बाहेर वळवले की कडं निघतं आणि पाठोपाठ शटल हातात येतं. बघा तिथे काय निघतं ते, दोऱ्याचे तुकडे, कापडाची कोंडा झालेली धूळ, कधी मोडलेल्या सुईचं टोकसुद्धा. ब्रश आणि चिमट्याने काढा, फुंकर मारू नका, धूळ अजून आत जाते आणि तोंडातला दमटपणा तिथे लागतो तो वेगळाच. शटलच्या टोकदार चोचीवर बोटाचं नख फिरवा. नख अडकलं तर तिथे गंज किंवा ओरखडा आहे आणि दोरा तिथेच तुटत होता. अगदी बारीक पॉलिश पेपरने हलकं घासा, चोचीचा आकार मात्र बदलू देऊ नका. परत बसवताना शटलच्या वाटेत एक थेंब तेल.

दाते ज्या प्लेटमधून वर येतात ती प्लेटही उचला, खाली धुळीचा नमदा झालेला असतो, त्यामुळे दाते पूर्ण वर येत नाहीत आणि कापड पुढे सरकत नाही. लोक मग कापड हाताने ओढतात, सुई वाकते, आणि नाव मशीनचं खराब.

सुई उलटी बसवणं तर इतकं कॉमन आहे की टाका सुटला की आधी तेच बघावं. सुईला एका बाजूला लांब खाच असते, दांड्याला उलट बाजूला चपटेपणा. दोरा शेवटच्या गाईडमधून ज्या बाजूने येतो तिकडे लांब खाच हवी आणि ओवायचंही तिकडूनच. सुई वरपर्यंत ढकलून मगच स्क्रू आवळा. बहुतेक घरगुती मशीनना १५×१ किंवा १३०/७०५ एच लिहिलेली चपट्या दांड्याची सुई लागते, कारखान्याच्या मशीनची गोल दांड्याची बसली तरी टाके नीट येतीलच असं नाही. सुईच्या ९०/१४ या नंबरातला ९० म्हणजे सुईची ०.९० मिलिमीटर जाडी. आणि दमट हवेत डब्यात राहिलेल्या गंजक्या सुया सरळ फेकून द्या, त्यात काटकसर करण्यासारखं काही नाही.

कापडाच्या खाली दोऱ्याचं जाळं झालं की सगळे बॉबीन केसच्या स्क्रूवर तुटून पडतात, पण जाळं खाली दिसलं तरी दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर असताना टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्या उघड्या असतात म्हणून दोरा ओवताना फूट वर हवा, नाहीतर दोरा चकत्यांच्या मधे बसतच नाही. शिवताना मात्र फूट खाली हवा, हे विसरूनच निम्मी जाळी होतात. खात्री करायची तर वर एका रंगाचा आणि बॉबीनला दुसऱ्या रंगाचा दोरा घालून शिवा, वरचा रंग खाली ओढलेला दिसला की वरचं टेन्शन सैल आहे. सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवायची. एवढं करूनही हललं नाही तरच बॉबीन केसचा स्क्रू, तोही पाव फेऱ्याच्या आत.

सगळं जोडलं, चाक फिरतंय पण सुई हलत नाही? चाकाच्या चकतीमागे कान असलेलं वॉशर असतं, ते उलटं गेलंय किंवा चकती नीट आवळलेली नाही. वॉशर अर्धा वळसा फिरवून बसवलं की बऱ्याचदा पकड येते.

पायडलचा चामड्याचा पट्टा पावसात सैल वाटतो, तो लगेच कापून आखूड करू नका, कोरड्या हवेत तो परत आवळेल आणि मशीन जड चालेल. पट्ट्यावर तेल सांडलं असेल तर कोरड्या कापडाने पुसा, चाकाची खाचही पुसा, घसरणं तेवढ्यानेच कमी होतं. आणि चाक वरून आपल्याकडे येतं तीच सुलटी दिशा, उलटं मारलं की दोरा तुटलाच.

मोटर असलेलं मशीन असेल तर आधी प्लग काढा. जुन्या वायरींचं रबर कडक होऊन तडकतं, दमट हवेत तर शॉक बसायला निमित्तच लागत नाही, अशी वायर टेप गुंडाळून चालवायची नाही, बदलूनच घ्यायची.

शेवटी रद्दी कापडावर बिनदोऱ्याचं चालवत राहा, तेलाचे डाग पडायचे थांबेपर्यंत. दुसऱ्या दिवशी चाक थोडं जड लागलं तर घाबरू नका, सुटलेला जुना चिक खाली उतरलेला असतो, पुसा, परत थेंबभर तेल द्या. झाकायला प्लास्टिक नको, आत ओल धरते, सुती चादर टाका.