योगायोगाची वही कशी ठेवावी

तारखा किंवा नावे अनपेक्षितपणे जुळली की आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक जण "ऋणानुबंध आहे" म्हणून हात जोडतो, तर दुसरा "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली" म्हणून विषय मिटवतो. दोघांचीही घाई होते, असे माझे मत आहे. जुळणीचा आधी हिशेब करावा आणि हिशेबातून जे उरेल त्याचा अर्थ मग आपल्यापुरता लावावा. त्यासाठी एक साधी दोनशे पानी वही पुरते.

जुळणी लक्षात आली त्याच दिवशी ती लिहावी, कारण आठ दिवसांत आठवण तिला घासूनपुसून चकचकीत करते आणि "साधारण त्याच सुमारास" घडलेले "नेमके त्याच दिवशी" होऊन बसते. इंग्रजी तारीख, तिथी, वार आणि ती गोष्ट प्रथम कोणी बोलून दाखवली, एवढे नोंदवावे. घरात निजामकाळातील कागद असतील आणि त्यांवर फसली सन, म्हणजे महसुलासाठीची जुनी कालगणना, असेल, तर त्यात ५९० किंवा ५९१ मिळवून इसवी सन काढावा. ते वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होत असल्यामुळे हा एकाचा फरक पडतो.

त्यानंतर या जुळणीमागे कोणाचा हात आहे का, हे पाहावे. माझे वडील ३१ मे २००६ रोजी निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्याबरोबर आणखी दोघांना निरोपाचा नारळ मिळाला. तिघांचीही जन्मतारीख १ जून होती आणि समारंभात एका वक्त्याने त्याला दैवी योग म्हटले. मी पुढे वडिलांच्या गावच्या शाळेतील प्रवेश-निर्गम रजिस्टर उघडून पाहिले. एकाच पानावर, एकाच वळणदार अक्षरात आणि एकाच निळ्या शाईत, ओळीने अकरा मुलांपुढे १ जून लिहिलेले होते. शाळा जूनमध्ये सुरू होत असे, आईबापांना तारीख ठाऊक नसे आणि मुलाचे वय प्रवेशात बसवणे मुख्याध्यापकांच्या हातात असे. मराठवाड्यातील एका पिढीचा वाढदिवस असा टाकाच्या टोकाने ठरलेला आहे.

नावांचेही तसेच असते. औंढ्याच्या पंचक्रोशीत नागनाथ आणि नागोराव, परळीकडे वैजनाथ, माहूरच्या बाजूला रेणुकादास आणि तुळजाभवानी ज्यांची कुलस्वामिनी आहे त्या घरांत अंबादास पिढ्यान्‌पिढ्या सापडणारच, त्यात नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत. त्यामुळे सोयरीक जुळवताना दोन्हीकडच्या आजोबांचे नाव एकच निघाले, तर त्यात नवल थोडे आणि भूगोल अधिक असतो. नक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षर ठरवून नाव ठेवले असेल, तर निवडीला जागा आणखी कमी उरते.

ज्या जुळणीमागे कोणाचा हात दिसत नाही, तिचे गणित मांडावे. कोणतीही २३ माणसे एकत्र आली, तर त्यांतील निदान दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक असते आणि ५० माणसांत ती सुमारे ९७ टक्क्यांवर जाते. याचे कारण असे, की आपण माणसे मोजतो, पण जुळायच्या असतात त्या जोड्या, आणि २३ माणसांत २५३ जोड्या होतात. तिथी आणि तारीख एकत्र येण्यालाही असाच नियम आहे. १९ सौर वर्षे आणि २३५ चांद्रमास यांच्या लांबीत अवघा दोन तासांच्या आसपास फरक असल्यामुळे दर १९ वर्षांनी तिथी जवळपास त्याच तारखेवर परतते. २००३ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत गुढीपाडवा २ एप्रिललाच होता. म्हणून एकोणिसाव्या किंवा अडतिसाव्या वाढदिवशी तिथी-तारखेचा मेळ बसला, तर आनंद अवश्य मानावा, पण त्यावरून भविष्य काढू नये.

येथे कपिलाषष्ठीच्या योगाकडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र, व्यतिपात योग आणि हस्त नक्षत्रातील सूर्य, या सगळ्या अटी तो योग येण्याआधीच ठरलेल्या आहेत, म्हणूनच त्याच्या दुर्मीळपणाला वजन आहे. आपण मात्र आधी बाण मारतो आणि मग त्याच्याभोवती वर्तुळ काढतो: तारीख जुळली नाही तर वार पाहतो, वार जुळला नाही तर अंकांची बेरीज करतो. वहीत प्रत्येक नोंदीपुढे "आधी ठरवले होते" किंवा "नंतर सुचले" यांपैकी एक लिहावे. माझ्या वहीत पहिल्या प्रकारची एकही नोंद नाही.

इतके केल्यावर बहुतेक नोंदी गळून पडतात. ज्या उरतात, किंवा गणित सुटूनही मनातून जात नाहीत, त्या अर्थ लावण्याजोग्या असतात. तेथे "हे कोणी जुळवले?" असे न विचारता "शेकडो जुळण्यांतून मला हीच का दिसली?" असे विचारावे. माझी आजी वडिलांच्या जन्माविषयी दोन गोष्टी सांगत असे: "निजाम हरला त्याच दिवशीचा आहे हा," आणि "अनंताच्या दिवशीचा आहे." तिच्या बोलण्यात दोन आठवणींची सरमिसळ झाली असावी, असे आम्ही मानत होतो. पुढे पंचांगाचे गणित मांडले, तेव्हा निजाम शरण आला त्या १७ सप्टेंबर १९४८ या दिवशी अनंत चतुर्दशीच होती असे निघाले. चार वेळा एकोणीस म्हणजे ७६, आणि २०२४ मध्ये तीच तिथी पुन्हा १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनावर आली. गणिताने यातले गूढ संपले, पण जिच्याजवळ कागदाचा एकही कपटा नव्हता त्या आजीचे म्हणणे खरे ठरले, आणि माझ्यासाठी या जुळणीचा अर्थ तेवढाच आहे.

पैठणची नाथषष्ठी याहून पुढची वाट दाखवते. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचा जन्म, त्यांना झालेला दत्तात्रेयांचा अनुग्रह, नाथांना झालेले स्वामींचे दर्शन, स्वामींची समाधी आणि शके १५२१ मध्ये नाथांनी गोदावरीत घेतलेली जलसमाधी, ही पाचही पर्वे परंपरा फाल्गुन वद्य षष्ठीलाच मानते. पहिली चार पर्वे नाथांच्या वाट्याला आली, पण पाचवे त्यांनी स्वतः त्या तिथीला जोडले. आपल्यालाही एखादी तारीख मोलाची वाटली, तर तिच्यात संकेत शोधत बसण्यापेक्षा तिला आपले एखादे काम जोडावे, जसे एखादे झाड लावणे किंवा दुरावलेल्या भावाला फोन करणे.

आणखी एक पथ्य मात्र कडकपणे पाळावे. आपला अर्थ दुसऱ्याच्या दुःखावर लादू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा आदल्या दिवशीची अनंत चतुर्दशी आणि गणेशविसर्जन आटोपून गावे झोपलेली होती, आणि हजारो माणसे घरांच्या दगडमातीखाली गेली. ज्या तिथीवर माझ्या घराचा आनंद आहे, तिच्याच रात्री हे घडले. त्या रात्री परगावी असल्यामुळे जो वाचला, त्याने त्यात देवाची कृपा पाहिली तर तो त्याचा अधिकार आहे, पण ज्याचे घरदार गेले त्याच्यासमोर ते बोलून दाखवू नये. तसेच लग्न, जमिनीचा व्यवहार आणि दवाखाना यांचे निर्णय वहीवरून घेऊ नयेत, आणि आकड्यांच्या बेरजा करून नावाचे स्पेलिंग बदलायला सांगणाऱ्याला पैसे तर मुळीच देऊ नयेत.

२०२४ च्या १७ सप्टेंबरला, सकाळचे ध्वजवंदन झाल्यावर आणि गणपती विसर्जनाला निघण्यापूर्वी, आम्ही वडिलांना त्यांच्या खऱ्या जन्मदिवशी पहिल्यांदाच औक्षण केले. आधार कार्डावर अजूनही १ जूनच आहे.