मृत्युपत्रात तुमचं नाव एक्झिक्युटर म्हणून असेल तर

वडील गेले की घरात पहिला प्रश्न येतो: वाटण्या कधी? एक्झिक्युटरने, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याने, आधी देणी पाहावीत. जळगाव-धुळ्याकडे कपाशी किंवा केळीसाठी विकास सोसायटीचं पीककर्ज बहुतेक घरांत असतंच. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बोजा दिसतो, पण हातउसने आणि कृषी केंद्राची उधारी तिथे दिसत नाही; ती विचारूनच कळते. अंत्यविधीचा खर्च आणि ही देणी भागवल्यावर जे उरेल तेच मृत्युपत्राप्रमाणे वाटायचं. बागेत केळी उभी असेल तर तिचे पैसेही या मालमत्तेतच धरा. व्यापाऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, जपून ठेवा, आणि पैसे स्वतःच्या खात्यात मुळीच घेऊ नका.

प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याची, धास्ती नको. खानदेशात केलेल्या आणि इथल्याच मालमत्तेच्या मृत्युपत्राला ते सक्तीचं नाही. मात्र सही किंवा साक्षीदारांवरून भाऊबंदकी पेटणार असं दिसलं, तर वकिलाशी बोलून ते घेतलेलं बरं.

फेरफारासाठी, म्हणजे सातबाऱ्यावर नवीन नावं लावण्यासाठी, मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्र घेऊन तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे अर्ज द्या व त्याची पोच घ्या. नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवस असतात.

बँकेत नॉमिनी असलेली व्यक्ती पैसे उचलू शकते, पण तेवढ्याने ती मालक होत नाही. हे बहिणींसमोर, सगळे एकत्र असतानाच सांगा.