सैल पँट परत आली, माप मात्र जुनंच: सूट-पँट शिवताना या चुका टाळा

नाशिकच्या कॉलेज रोडवर संध्याकाळी एक चक्कर मारली की फरक लगेच कळतो. पस्तिशी-चाळिशीतली माणसं पोटरीला चिकटलेल्या, घोट्याशी संपणाऱ्या पँटमध्ये, आणि विशीतली पोरं ढगळ, पुढे प्लेट म्हणजे चुण्या असलेल्या, बुटावर टेकणाऱ्या पँटमध्ये. नव्वदच्या दशकातले लग्नाचे अल्बम काढून बघा, वडिलांच्या आणि काकांच्या अंगावर जवळपास हीच पँट असते. २००० नंतर पॅरिसच्या डिओर ओम या फॅशन ब्रँडमध्ये डिझायनर एडी स्लिमान यांच्या चिंचोळ्या सुटांनी जी हवा केली, ती आपल्याकडे रेडिमेडच्या शोरूममधून 'स्लिम फिट' या नावाने पोचली आणि चांगली ठाण मांडून बसली. आता ती ओसरते आहे.

फॅशन फिरते यात नवल काही नाही. १९२० च्या दशकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी एवढ्या घेराच्या पँट घातल्या होत्या, की आजची ढगळ पँट त्यापुढे आटोपशीर वाटावी. अडचण वेगळी आहे. बदललाय तो पँटचा सगळा कट, आणि आपण टेलरला बदलायला सांगतो तो फक्त बॉटम, म्हणजे पायाचा खालचा घेर.

"मास्टर, बॉटम तेवढा वाढवा"

मेनरोड, शालिमार, रविवार कारंजा, कुठल्याही टेलरच्या दुकानात घटकाभर उभं राहा, हा संवाद कानावर पडतोच.

"मास्टर, माप मागचंच. फक्त बॉटम अठरा करा."

"गुडघा किती ठेवू?"

"गुडघा राहू द्या आहे तसा."

"मग बेलबॉटम होईल, भाऊ."

मास्टरांचं बरोबर असतं. स्लिम पँटचा बॉटम गोल मापात १३-१४ इंच असतो आणि गुडघा त्याच्या जेमतेम वर. तिथे खालून १८ केलं की पँट गुडघ्यात आवळते आणि खाली फुलते. सरळ पडणारी पँट हवी तर बॉटम १७ ला गुडघा १९-२० लागतो आणि मांडीतही त्याच हिशेबाने सैलपणा. पायाची रेघ मांडीपासून खाली हळूहळू निमुळती होत गेली पाहिजे. मध्येच कंबर कसल्यासारखी आत जाऊन परत बाहेर आली की सत्तरच्या दशकात गेलोच आपण.

पण गुडघ्याहूनही मोठी चूक वर होते. आसनात. आसन म्हणजे कमरेपासून दोन पाय फुटतात तिथपर्यंतची उंची. स्लिमच्या काळात हे आसन पुढून ९ इंचांवर आलं आणि पँट कमरेवरून घसरून कुल्ल्याच्या हाडावर बसायला लागली. चिंचोळ्या पायाला ते खपून गेलं, कारण कापड पायालाच धरून होतं. सैल पायाचं कापड वरून लोंबतं. ते जिथून सुटतं ती जागा उंच आणि पक्की नसेल तर पाय आखूड दिसतात, धड लांब दिसतं आणि मागे सीटखाली, म्हणजे कुल्ल्यांखाली, कापडाचा गोळा जमतो. म्हणून सैल पँट शिवताना पुढचं आसन ११ इंच किंवा उंची बघून थोडं जास्त घ्या. पँट बेंबीच्या दोन बोटं खाली बसली पाहिजे. पहिल्यांदा घातली की आजोबांसारखं वाटतं, खरं आहे. शर्ट खोचून पूर्ण आरशात बघा, मग ठरवा.

पोट सुटलेल्यांची पंचाईत जास्त. वर्षानुवर्षं पँट पोटाखाली बांधायची सवय, त्यामुळे "माझी कंबर ३६" असं ते छातीठोक सांगतात. ३६ ही त्यांच्या जीन्सच्या पट्ट्याची जागा असते. पँट वर चढवली की तिथलं माप ३९ भरतं, आणि मग टेलरने कंबर चुकवली म्हणून भांडण. म्हणून आकडा तोंडी सांगूच नका.

मापाला जीन्स घालून जाणं ही याचीच धाकटी बहीण. जाड कापड, वर बेल्ट, मागच्या खिशात पाकीट, पुढच्या खिशात मोबाईल, आणि टेप या सगळ्यावरून फिरतो. पातळ फॉर्मल पँट घालून जा, खिसे रिकामे करा, आणि जे बूट घालायचे तेच पायात ठेवा. सोबत आसनात नीट बसणारी एखादी जुनी पँट नेलीत तर टेलरला तोंडी वर्णनापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

प्लेट उघड्या राहतात

प्लेटवाली पँट परत आल्यापासून ही तक्रार वाढली आहे. उभं राहिलं की प्लेट तोंड उघडून बसतात आणि बाजूचे खिसे कानासारखे बाहेर येतात. लोक इस्त्रीवाल्याला दोष देतात. इस्त्रीने हे जात नाही. सीटचं माप कमी पडलंय, एवढाच त्याचा अर्थ. प्लेटमधलं कापड हे बसताना मांडी आणि कुल्ले पसरतात त्यासाठी राखलेलं असतं. उभं असतानाच ते वापरलं गेलं, तर बसल्यावर शिलाईवर ताण येणार.

ट्रायलला म्हणून दुकानातल्या स्टुलावर बसा. नुसतं टेकू नका, जेवायच्या पंगतीत बसल्यासारखं नीट बसा. कंबर रुतत नसेल, गुडघ्यावर ताण येत नसेल, आणि परत उभं राहिल्यावर प्लेट आपोआप मिटत असतील तर माप बरोबर. नसेल तर मागच्या मधल्या शिलाईत जी माया, म्हणजे आत राखलेलं जास्तीचं कापड, ठेवलेली असते ती सोडून सीट इंचभर वाढवता येते. माया नसेल तर काहीच करता येत नाही, आणि इथेच रेडिमेडवाले अडकतात, कारण कंपन्या आत मोजूनमापून कापड सोडतात.

पोट असलेल्यांनी प्लेट टाळाव्यात हा समज कुठून आला देव जाणे. सपाट पुढा पोटाखाली ताणला जातो तो जास्त वाईट दिसतो. एक प्लेट, खोल आणि क्रीजला, म्हणजे इस्त्रीच्या उभ्या घडीला, जाऊन मिळणारी, बहुतेकांना चालते. डबल प्लेट मात्र बारीक अंगाच्या माणसाने विचार करून घ्यावी.

आता आरशात दिसणाऱ्या बाकीच्या खुणा, झटपट. पुढून पाय फुटतात तिथून मिशांसारख्या आडव्या रेषा निघत असतील तर तिथे कापड कमी आहे. मागे सीटखाली उभ्या-तिरक्या घड्या लोंबत असतील तर तिथे ते जास्त आहे. पँट मागून पोटरीवर अडकून बसत असेल तर अडचण लांबीची नाही, पोटरीच्या घेराची आहे. सायकल चालवणाऱ्यांना आणि जिमवाल्यांना हे हमखास होतं. क्रीज गुडघ्याखाली आत किंवा बाहेर वळत असेल तर बहुतेक वेळा कापड बेतताना धाग्याची सरळ रेघ चुकलेली असते. ते शिवून दुरुस्त होत नाही, नवीन पाय कापावा लागतो, आणि तसं स्पष्ट बोलायला लाजू नका.

१.२० मीटरचा पीस

कापडपेठेत किंवा मेनरोडला पँटपीस मागितला की दुकानदार सवयीने १.२० मीटर फाडतो. रुंद पन्ह्यात स्लिम पँट त्यात आरामात निघते. पण उंच आसन, प्लेट, सैल पाय आणि खाली बाहेरून वळवलेली दुमड, एवढं सगळं सहा फुटी माणसाला त्यात बसवायचं म्हटलं की टेलर कुठेतरी मारणार. मारणार ती माया, म्हणजे पुढे पँट वाढवायची सोय. दीड मीटर घ्या. वाढीव कापडाचे चार पैसे नंतरच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतात. दुमड कापड खाते हे काही आजचं नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने कापड वाचवण्यासाठी १९४२ मध्ये पुरुषांच्या पँटच्या दुमडीवर चक्क बंदी घातली होती.

कापडाच्या वजनात तर फार गल्लत होते. सैल पँटला जड कापड लागतं, पातळ नाही. पातळ पॉलिस्टर-व्हिस्कोस ढगळ शिवलं की पंख्याखालीसुद्धा फडफडतं आणि पायाला चिकटतं. हातात कापड धरून खाली सोडा. ते सरळ पडलं, मुठीत चुरगाळून सोडल्यावर सुरकुत्या हळूहळू गेल्या, तर घ्या. नाशिकच्या हवेचा विचारही हवाच. निफाडकडच्या डिसेंबर-जानेवारीतल्या लग्नात, पहाटेच्या कडाक्यात, जाड टेरीवूल सुखाचं वाटतं. तोच सूट एप्रिल-मेच्या दुपारी, पारा चाळिशीला टेकलेला असताना, अंगावर ठेवून दाखवा! दोन्हींसाठी एकच सूट शिवायचा असेल तर मधल्या वजनाचं कापड आणि कोटाला पाठीत अर्धंच अस्तर घ्या.

'सुपर १००', 'सुपर १२०', 'सुपर १५०' या आकड्यांना भुलून तर जाऊच नका. हा आकडा लोकरीचा तंतू किती बारीक आहे ते सांगतो. सुपर १०० चा तंतू १८.७५ मायक्रॉनपर्यंतचा, सुपर १२० चा १७.७५ पर्यंतचा. आकडा वाढला की कापड मऊ आणि महाग होतं, टिकाऊ नव्हे. रोज स्कूटरवरून सातपूर-अंबडला ऑफिस गाठणाऱ्याने सुपर १५० ची पँट शिवली तर सीट लवकर झिजेल. त्याच्यासाठी सुपर १०० च्या आसपासचं भरपूर.

वडिलांचा सूट

नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून किंवा ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेल्या वडिलांच्या कपाटात एखादा जुना सूट असतोच. फॅशन परत आली म्हणून मुलगा तो काढतो. कल्पना चांगली आहे, पण टेलरकडे जाण्याआधी एकच गोष्ट बघा: खांदा. कोटाचा खांदा तुमच्या खांद्याच्या हाडापाशी संपत असेल तर पुढे बोलणी करा. दोन बोटं बाहेर लोंबत असेल तर सोडून द्या. खांदा लहान करायचा म्हणजे बाह्या काढायच्या, आतलं पॅडिंग काढायचं, परत बसवायचं. मजुरी भरपूर आणि हमी कमी. कंबर, बाहीची लांबी, पँटची कंबर-सीट हे सगळं होतं. कोटाची लांबी थोडीफार कमी होते, जास्त केली तर खिसे खालच्या काठाला टेकतात आणि कोट बुटका दिसतो. बाहीच्या टोकाला खरी काजं असतील तर बाही खालून कापता येत नाही, वरून खांद्याकडून आखूड करावी लागते.

उलटा प्रकार, म्हणजे २०१२-१५ चा स्लिम सूट सैल करून आणा म्हणणं, याला जवळपास उत्तर नाही. आतली माया सोडली तरी इंच-दीड इंच मिळेल. वर जुन्या शिलाईच्या रेषेवर कापडाचा रंग वेगळा निघतो आणि सुईची भोकं दिसतात. एक करता येतं: कोट चांगला असेल तर तो राहू द्या आणि खाली वेगळ्या रंगाची नवी पँट शिवा. निळ्या कोटाखाली राखाडी पँट कुणालाही शोभते.

फक्त तो कोट फार तोकडा नको. स्लिमच्या काळातले कोट सीटच्या अर्ध्यावर संपायचे. त्याखाली सैल पँट घातली की माणूस वरून लहान आणि खालून मोठा दिसतो. सीट पूर्ण झाकली जाईल एवढा कोट हवा, आणि लॅपल, म्हणजे छातीवरची उलटी पट्टी, तीही बोटभर न ठेवता तीन-साडेतीन इंच.

नवरदेव आणि त्याचे मित्र

तुळशीचं लग्न लागलं की नाशिकच्या टेलरांना मान वर करायला सवड नसते. सूट शिवायचा तर कापड दिवाळीआधी द्या आणि दोन ट्रायल मागून घ्या, पहिली कच्च्या टाक्यांवर. एकाच ट्रायलला तयार सूट अंगावर चढवणारा टेलर चूक दिसली तरी ती कबूल करायच्या मनःस्थितीत नसतो, कारण काजं-बटणं झालेली असतात.

रेडिमेड सूट घेतलात तर कोटाच्या मागच्या कटावर घातलेला तिरका धागा आणि बाहीवरचं लेबल काढून टाका. दर मोसमात लॉनवर दोन-चार तरुण ते लेबल मिरवत फोटो काढतात आणि कुणी सांगतही नाही. दोन बटणी कोटाचं खालचं बटण लावायचं नाही, बसताना वरचंही सोडायचं.

लांबीचा हिशेब बॉटमवर आहे. १४ चा बॉटम बुटाला जेमतेम टेकावा. १७-१८ चा असेल तर पुढे एक हलकी मोड पडेल एवढा लांब, मागे टाचेच्या वर. त्याहून लांब ठेवलीत तर गंगापूर रोडच्या लॉनवरचं ओलं गवत आणि चिखल पहिल्याच रिसेप्शनला काठाला लागतो.

सूट भाड्याचा असो की घरचा, दर वापरानंतर ड्रायक्लीनला टाकू नका. बऱ्याच कोटांच्या पुढ्यात आतून चिकटवलेला फ्युजिंगचा थर असतो. सारखी वाफ आणि रसायनं लागली की तो सुटतो आणि छातीवर फुगे येतात. ते परत दाबून बसवले तरी पुन्हा येतात. ब्रशने धूळ झाडा, रुंद खांद्याच्या हँगरला एक रात्र मोकळ्या हवेत टांगा. पावसाळ्यात प्लास्टिकच्या कव्हरमध्ये बंद करून ठेवू नका, बुरशी धरते. सुती कव्हर घ्या. पँटला इस्त्री करताना वर ओलसर सुती फडकं टाका, नाहीतर टेरीवूलच्या सीटवर आणि गुडघ्यावर चकाकी येते आणि ती जात नाही.

टेलरला ऑर्डर देताना एक वाक्य तेवढं आठवणीने सांगा: मागच्या शिलाईत दीड इंच माया सोडा, खाली काठाला आतून दोन इंच. पावतीवर लिहूनच घ्या.